नव्या सिस्टरला काय येतं, हे पेपरवरून का कळत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्याच्या गावातलं ९० खाटांचं हॉस्पिटल. यंदा एकदम १२ नवा स्टाफ रुजू झाला, काही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), काही बीएस्सी (डिग्री). ट्रेनिंगची जबाबदारी तुमच्याकडे आली. रुजू होतानाच ५० मार्कांचा पेपर घेतला, सगळ्यांना चाळीसच्या वर. आणि पुढच्या दोन महिन्यांत एका पेशंटला इन्सुलिन चुकीचं गेलं, एकाचा हात सलाईन शिरेबाहेर जाऊन सुजला, एका आजोबांची तब्येत रात्रभर उतरत गेली तरी डॉक्टरांना फोन गेला तो सकाळीच. मॅनेजमेंटला आता वर्षभराचं ट्रेनिंग कॅलेंडर हवंय. तुम्ही विचारताय की परीक्षा कोणती घ्यावी, किती वेळा घ्यावी, कॅलेंडरमध्ये विषय कोणते टाकावेत, आणि शिकवूनही एखादीला जमलं नाही तर काय करावं.

पेपरचे मार्क आणि या तीन घटना यांचा मेळ बसत नाही म्हणून तुम्ही गोंधळला आहात. मला मात्र त्यात विसंगती दिसत नाही. इन्सुलिनच्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलीने पेपरात बरोबरच लिहिलं असेल. तिला काय ठाऊक आहे एवढंच पेपर सांगतो. वॉर्डात मात्र पहाटे तीन वाजता, दोन बेल एकदम वाजत असताना, तिचे हात काय करतात याला महत्त्व. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये याची चार पायऱ्यांची मांडणी केली, ती मला आजही सगळ्यांत उपयोगी वाटते: माहीत असणं, कसं करायचं ते सांगता येणं, करून दाखवता येणं, आणि रोजच्या कामात खरोखर तसं करणं. तुमचा पेपर पहिल्या पायरीवर थांबला, आणि तुमच्या तिन्ही घटना चौथ्या पायरीवर घडल्या.

म्हणून परीक्षा कोणती, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. त्याच्या आधीचा प्रश्न असा: आज रात्री या सिस्टरवर कोणतं काम एकटीवर सोपवता येईल, आणि कोणत्या कामाला कुणीतरी शेजारी हवं? मी मूल्यमापन करते ते एवढ्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. उत्तर हाती आलं की ट्रेनिंगचा आराखडा त्यातूनच निघतो. आधी कॅलेंडर आणि मग मूल्यमापन असं केलंत तर दर महिन्याला एक लेक्चर होईल, सह्या होतील, फाइल भरेल आणि वॉर्डात काहीही बदलणार नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण माझी पद्धत जशीच्या तशी तुमच्याकडे बसेलच असं नाही. मी मोठ्या हॉस्पिटलात आहे, माझ्याबरोबर बेडसाइडला उभ्या राहणाऱ्या आणखी शिक्षिका आहेत. तुम्ही बहुतेक एकट्याच आहात आणि ट्रेनिंगबरोबर इन्चार्जचं कामही करता. तुमच्याकडे आयसीयू आहे का, प्रसूती होतात का, रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) रात्रभर हजर असतात की घरून येतात, यावर पहिल्या महिन्यात काय तपासायचं ते ठरेल. मुली कुठून शिकून आल्या यावरही बरंच अवलंबून आहे. सिव्हिल हॉस्पिटलला जोडलेल्या स्कूलमधून आलेल्या जीएनएमच्या मुलीने विद्यार्थी असतानाच इतके विगो (सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी) लावलेले असतात की तिचा हात बसलेला असतो. छोट्या खासगी कॉलेजमधून आलेली बीएस्सीची मुलगी शॉकचे प्रकार सुरेख समजावून सांगते, पण शीर पुतळ्याच्याच हातावर शोधलेली असते. उलटंही पाहिलंय. म्हणून डिग्रीवरून अंदाज बांधू नका. पहिल्या दिवशी फाइलमधून एवढंच बघा की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली आहे का आणि ती चालू आहे का. बाकीचं पेशंटच्या खाटेशी कळेल.

अनुभवी म्हणून घेतलेल्या सिस्टर्सना यातून सूट देऊ नका. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८० च्या दशकात नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवखीपासून तज्ज्ञापर्यंत. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की पायरी माणसाला नव्हे, त्या कामाला चिकटलेली असते. ऑपरेशन थिएटरमध्ये सहा वर्षं उत्तम काम केलेली सिस्टर मेडिकल वॉर्डात आली की ओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती) घेण्यापासून तिची सुरुवात नव्याने होते. तिला कुणी विचारत नाही आणि तीही संकोचाने विचारत नाही. नवखीपेक्षा तिथे धोका जास्त असतो.

तपासायचं काय? बऱ्याच ठिकाणी ६०-७० प्रोसिजरची चेकलिस्ट असते. बेड मेकिंगपासून व्हेंटिलेटरपर्यंत सगळ्याला सारखा एक रकाना. मी ती पहिल्या महिन्यात हातात घेत नाही. दोन गोष्टींवरून निवड करते: हे काम दर ड्युटीला करावं लागतं का, आणि यात चूक झाली तर ती परत फिरवता येते का. चादरीला सुरकुती राहिली तर उद्या शिकवता येईल. पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल पातळ न करता थेट शिरेत गेली तर उद्या उरत नाही. त्या १० मिलिच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं आणि दिसायला ती डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवण्याइतकी साधी असते.

असं निवडत गेलं की माझ्याकडे पहिल्या दोन आठवड्यांसाठी मोजकी कामं उरतात: पेशंटची ओळख पटवून औषध देणं, इन्सुलिन आणि इतर धोक्याची औषधं, सलाईनचा वेग आणि विगोची जागा, व्हायटल्स घेणं आणि त्यांचा अर्थ लावणं, बिघडत चाललेल्या पेशंटसाठी फोन करणं, रक्त चढवणं, सीपीआर, हात धुणं आणि सुया टाकणं, आणि ओव्हर देणं. प्रसूती होत असतील तर बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ओळखणं यात आलंच पाहिजे. तुमच्या तीन घटना यातल्याच आहेत, म्हणून त्या जरा जवळून दाखवते.

इन्सुलिन घ्या. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलिच्या वायल अजून सर्रास मिळतात आणि १०० युनिटच्याही. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, ४० ला लाल टोपी, १०० ला नारिंगी. मी ट्रेमध्ये दोन्ही वायल आणि दोन्ही सिरिंज ठेवते आणि केसपेपरवर लिहिते, ‘रेग्युलर १० युनिट’. मग म्हणते, काढ. आणि गप्प उभी राहते. ती वायल उचलून आधी लेबल वाचते का, की जी सिरिंज हाताला लागेल ती घेते? बरोबर सिरिंज घेतली तर विचारते, हीच का घेतलीस? इथे खरं कळतं. काही जणी ‘आमच्याकडे लालच वापरायचे’ म्हणतात. म्हणजे आज योगायोगाने बरोबर आलं, दुसऱ्या वॉर्डात चुकेल. मग दोघी मिळून हिशेब करतो. १०० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत ओढलं की ०.१ मिलि आलं. वायल ४० ची असेल तर पेशंटला मिळाले ४ युनिट. ४० च्या सिरिंजमध्ये १० ची रेघ म्हणजे ०.२५ मिलि, वायल १०० ची असेल तर गेले २५ युनिट. हा आकडा स्वतःच्या हाताने काढला की बहुतेक मुली पुढे वायल वाचल्याशिवाय सिरिंज उचलत नाहीत. या तपासणीला दहा मिनिटं लागतात, आणि त्यातलं काहीही पर्यायी उत्तरांच्या पेपरात दिसलं नसतं.

सलाईनचंही तसंच. ५०० मिलि ८ तासांत द्यायची, सेट मिलिला २० थेंबांचा. मिनिटाला साधारण २१ थेंब हे उत्तर कागदावर सगळ्यांचं येतं. मी खरा सेट हातात देते आणि विचारते, हा किती थेंबांचा? पाकिटावर छापलेलं असतं, पण पाकीट बघायची सवय फार थोड्यांना असते. मायक्रो सेट असेल तर ६० थेंबांचा हिशेब, मिनिटाला ६२-६३. मग घड्याळ लावून वेग प्रत्यक्ष बसवायला सांगते आणि अर्ध्या तासाने काहीही न बोलता परत जाऊन बघते. पेशंट कुशीवर वळला, हात दुमडला, की वेग बदलतो. ती मधे एकदा येऊन गेली का? विगोच्या जागेवर बोट ठेवून सूज, गरमपणा, दुखणं बघितलं का? तुमच्या पेशंटचा हात सुजला त्याचं कारण बहुतेक इथे सापडेल. विगो नीट लावता येतो की नाही हे आपण हौसेने तपासतो, लावल्यावर तो दिवसभर सांभाळला जातो का हे कुणी तपासत नाही.

आता ते आजोबा. मी यावर जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते नव्या नर्सच्या मूल्यमापनातलं हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम आहे.

कुठल्याही वॉर्डातला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट उघडा आणि श्वसनाचा रकाना बघा. २०, २०, २०, १८, २०. निमोनियाच्या पेशंटचेही २० आणि हर्नियाच्या पेशंटचेही २०. बीपी आणि सॅच्युरेशन मशीन दाखवतं, श्वास मात्र पूर्ण मिनिट उभं राहून मोजावे लागतात, म्हणून ते मोजले जात नाहीत. आणि तब्येत उतरायला लागली की बऱ्याचदा बीपी पडण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढलेले असतात. माझी तपासणी साधी आहे. मी आणि ती, एकाच पेशंटजवळ, एकाच मिनिटाला, वेगवेगळं मोजायचं आणि मग आकडे ताडून बघायचे. दोनपेक्षा जास्त फरक पडला की पुन्हा. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची जी न्यूज-टू पद्धत आहे (व्हायटल्सना गुण देऊन बिघडणारा पेशंट ओळखायची), तिच्यात श्वास २५ किंवा जास्त असतील तर त्या एका आकड्यालाच ३ गुण मिळतात, आणि एकाच रकान्यात ३ आले तरी पेशंटला तातडीने बघायचं असतं. तुमच्याकडे ती पद्धत नसली तरी एवढा एक नियम आजपासून लावता येईल.

पण आकडा बरोबर मोजला तरी फोन जाईलच असं नाही. म्हणून पुढची पायरी. मी तिला खऱ्याच एखाद्या पेशंटचा चार्ट देते, दोन आकडे बिघडवून, आणि म्हणते, रात्रीचे अडीच वाजलेत, मी आरएमओ आहे, मला फोन कर. फोन उचलल्यावर मी झोपेतल्या, वैतागलेल्या डॉक्टरांसारखी बोलते. ‘एवढ्यासाठी फोन? पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघतो.’ पुढे ती काय करते? बहुतेक नव्या मुली म्हणतात, ‘ओके सर,’ आणि ठेवून देतात. काही जणींचा आवाज कापतो. एखादी म्हणते, ‘सर, पॅरासिटामॉल देते, पण श्वास २८ आहेत, सॅच्युरेशन ९० आहे, संध्याकाळी ९६ होतं, आजोबा बोलताना थांबताहेत. तुम्ही येऊन बघा. मी इन्चार्ज सिस्टरांनाही कळवते.’ ही मुलगी वॉर्डात एकटी ठेवता येते. तिला अजून चांगला विगो लावता येत नसेल तरी.

फोनवर काय बोलायचं याचा साचा शिकवता येतो: मी कोण, कुठला पेशंट, आत्ता काय झालंय, आधीचं काय, माझ्या मते काय चाललंय आणि मला तुमच्याकडून काय हवंय. हा साचा तोंडात बसेपर्यंत आम्ही जोडीजोडीने म्हणून घेतो. पण तुम्ही तपास करताना हेही विचारा की त्या रात्रीच्या सिस्टरला याआधी कधी फोन केल्याबद्दल बोलणी बसली होती का. बसली असतील तर तिला साचा पाठ असूनही ती फोन करणार नाही, आणि त्यावर उपाय तिच्या ट्रेनिंगमध्ये नाही.

बाकीची कामं याच धर्तीवर. रक्त चढवताना मी बघते की पिशवी आणि पेशंट दोन सिस्टर्सनी मिळून ताडून पाहिले का, ब्लड बँकेतून निघाल्यापासून ३० मिनिटांत चालू झालं का, पहिली १५ मिनिटं ती खाटेजवळ होती का, आणि ४ तासांत संपवायचं हे तिला कुणी न सांगता लक्षात आहे का. सुई टोचली तर काय करशील, हे विचारते तेव्हा ‘साबण-पाण्याने धुवेन’ सगळ्या सांगतात. ‘लगेच कुणाला सांगशील, रात्री दोन वाजता?’ यावर शांतता असते. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग मानत नाहीत, म्हणून त्या शांततेची किंमत मोठी आहे. सीपीआर आणि ॲनाफिलॅक्सिससारखी (जीवघेणी ॲलर्जी) क्वचित येणारी कामं खऱ्या पेशंटवर पाहायला मिळणार नाहीत, त्यासाठी ओस्कीसारखी टेबलं लावावी लागतात, म्हणजे एकेका टेबलावर एकेक काम करून दाखवायचं. रोनाल्ड हार्डन यांनी डंडीमध्ये १९७५ च्या सुमारास ही पद्धत आणली आणि आता आपल्या नर्सिंग कॉलेजांतही ती चालते, त्यामुळे मुलींना नवी नसते. तुम्हाला एक पुतळा आणि एक क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची गाडी) पुरेल. परराज्यांतून आलेल्या सिस्टर्स असतील तर पेशंटशी बोलणंही ऐका. ‘जीव घाबरा होतोय’, ‘छातीवर दडपण आलंय’ असं आजी म्हणाल्या तर त्यांना पुढचा प्रश्न सुचतो का ते बघा.

नोंद कशी ठेवायची? दहापैकी मार्क देऊ नका. सात आणि आठ यांतला फरक तुम्हालाही सांगता येणार नाही. मी चारच शेरे वापरते: मी शेजारी उभी असेन तरच; आठवण करून द्यावी लागते; एकटी करते, पण मजल्यावर कुणीतरी जाणती हवी; एकटी करते आणि दुसरीला दाखवू शकते. एकदा पाहून शेरा देऊ नये. निदान तीन वेगवेगळ्या पेशंटवर, आणि जमल्यास त्यातलं एकदा दुसऱ्या कुणी पाहिलेलं. सुरुवातीला तुम्ही आणि एखादी इन्चार्ज एकाच सिस्टरला एकाच वेळी बघा आणि शेरे ताडून बघा. फरक आला की तुमच्या दोघींच्याच व्याख्या जुळत नाहीत, आणि तो फरक मुलींच्या माथी मारला जाईल. एनएबीएचसाठी (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) कोणत्या नर्सला कोणतं काम करायची परवानगी आहे याची नोंद लागते. ही चार शेऱ्यांची यादी त्यासाठी उपयोगी पडते, वेगळी कागदपत्रं कमी करावी लागतात.

तुम्ही समोर असलात की सगळ्याच नीट करतात, ही अडचण राहणारच. म्हणून मी माणसाबरोबर मागे राहिलेल्या खुणाही बघते. विगोवर तारीख आहे का. पातळ करून ठेवलेल्या अँटिबायोटिकवर नाव आणि वेळ आहे का. सुयांचा डबा किती भरलाय. सहा वाजताचं औषध दिल्याची सही साडेपाचलाच झाली आहे का. हे बघायला ड्युटी बदलताना वॉर्डातून एक फेरी पुरते आणि त्यात कुणावर पाळत ठेवल्यासारखं वाटत नाही.

एक कोरी यादी मुलींनाही द्या आणि स्वतःबद्दल तेच चार शेरे भरायला सांगा. भरलेल्या शेऱ्यांवरून निर्णय घेऊ नका, पण तुमच्या शेऱ्यांशी ते जुळतात का ते बघा. जिथे ती ‘एकटी करते’ लिहिते आणि तुम्हाला तसं दिसत नाही, तिथे लवकर बसून बोला. उलट बाजूने, जिला उत्तम जमतंय आणि तरी ती ‘शेजारी कुणी हवं’ लिहिते, तिला आणखी लेक्चर नकोय. तिच्याबरोबर दोन रात्री जाणती सिस्टर द्या, पुरे.

इथपर्यंत आलात की तुमच्याकडे १२ जणींचा एक तक्ता तयार असेल आणि त्यात बऱ्याच जागी कमी दिसेल. लगेच कॅलेंडर भरायला घेऊ नका. प्रत्येक कमी जागेसमोर कारण लिहा. माहीत नाही, असं असेल तर वीस मिनिटांचा वर्ग पुरतो. माहीत आहे पण हात बसलेला नाही, तर वर्गाचा उपयोग शून्य. तिथे रोज थोडा सराव हवा, तोही एकाच जाणत्या सिस्टरच्या नजरेखाली. माहीतही आहे, हातही बसलाय, पण वॉर्डात तसं करताच येत नाही, हे तिसरं कारण. नारिंगी टोपीच्या सिरिंज स्टोअरमधून येतच नसतील, तीस खाटांना एकच बीपी मशीन असेल, रात्री पंचवीस पेशंटमागे एकच सिस्टर असेल, तर कितीही शिकवा. आणि चौथं कारण भीती, ज्याबद्दल वर बोलले. शेवटची दोन कारणं तुमच्या कॅलेंडरमध्ये घालू नका. ती मॅट्रनना आणि मेडिकल डायरेक्टरांना वेगळ्या कागदावर, तारखेसह लिहून द्या. ट्रेनिंगवाल्या बाईने हे लिहून दिलं नाही तर प्रत्येक घटनेनंतर ‘पुन्हा ट्रेनिंग घ्या’ असा शेरा येत राहतो, आणि ज्या मुलीच्या हाती सिरिंजच नव्हती तिला सिरिंजवरचं लेक्चर तिसऱ्यांदा ऐकावं लागतं. मला याचा फार त्रास होतो.

आता कॅलेंडर. मॅनेजमेंटला कागद हवाच आहे, तर असा द्या. काही विषय ठरलेले राहतील: सीपीआर, आग, संसर्ग नियंत्रण, जैववैद्यकीय कचरा, ही मान्यतेसाठी लागतात आणि लागायलाच हवीत. फक्त सीपीआर वर्षातून एकदा दिवसभर घेण्याऐवजी दर तीन महिन्यांनी दहा-पंधरा मिनिटं पुतळ्यावर हात चालवून घ्या, कारण ते कौशल्य काही महिन्यांतच उतरतं. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली, हे वाचून टिकत नाही. उरलेल्या जागांपैकी अर्ध्या तुमच्या तक्त्यातून भरा: ज्या कामात चार-पाच जणी एकाच कारणाने कमी पडताहेत तो विषय सामूहिक, एखाददुसरीच कमी पडत असेल तर तिच्यापुरता बेडसाइडला. राहिलेल्या जागा मुद्दाम मोकळ्या ठेवा. वॉर्डात पुढे जे घडेल ते तिथे येईल. मॅनेजमेंट विचारेल, मोकळ्या का? तुमची इन्सुलिनची घटना दाखवा; जानेवारीत केलेल्या कॅलेंडरमध्ये ती कुणाला दिसली असती?

किती वेळा तपासायचं, तर पहिले दोन आठवडे रोज थोडं, मग तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी, मग सहा महिन्यांनी. वॉर्ड बदलला की त्या वॉर्डाच्या कामांपुरतं पुन्हा. धोक्याच्या औषधांवर दुसऱ्या शेऱ्याच्या पुढे गेल्याशिवाय एकटीची नाइट देऊ नका. स्टाफ कमी असताना हे फार जड जातं, मला माहीत आहे. तेव्हा निदान तिची नाइट अशा रात्री लावा, जेव्हा शेजारच्या वॉर्डात जाणती सिस्टर असेल आणि तिला हे आधी सांगितलेलं असेल.

नाइट करून निघालेल्या मुलीला ट्रेनिंगसाठी थांबवू नका. ती समोर बसलेली दिसेल, शिकलेलं काही राहणार नाही. ट्रेनिंगचा वेळ ड्युटीत धरा. दुपारी ओव्हरच्या वेळी दोन शिफ्टचा स्टाफ एकत्र असतो, तिथे पंधरा मिनिटं मिळतात. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सीएनईचे (नोकरीत असताना चालू ठेवायच्या नर्सिंग शिक्षणाचे) तास लागतात, तेव्हा ज्या सत्रांना मान्यता मिळू शकते त्यांची मिळवून द्या. मुली मनापासून येतात.

आणि शेरे नोटीस बोर्डावर लावू नका, पगारवाढीशी जोडू नका. एकदा जोडलेत की तुमच्यासमोर कुणी ‘मला हे येत नाही’ असं म्हणणार नाही, आणि तुमची सगळी माहिती त्या एका वाक्यावर उभी आहे. मॅनेजमेंट असंही म्हणेल की वर्षभरात या मुली सरकारी भरतीत जातील, नाहीतर परदेशी, मग एवढा खर्च कशाला. काही जातीलच. पण त्या वर्षभरात त्यांच्या हाताखाली पेशंट तुमचेच असतात. शिवाय माझा अनुभव असा की जिथे शिकायला मिळतं आणि काय शिकलो याची वही स्वतःकडे राहते, तिथे मुली जरा जास्त थांबतात आणि जाताना मैत्रिणींना तिथे पाठवतात.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात इन्सुलिनचा ट्रे, श्वास मोजणं आणि रात्रीचा फोन, एवढं तीनच १२ जणींचं करा. दिवसाला दोघी-तिघी धरल्या तर आठवड्यात होतं. पुढच्या आठवड्यात सलाईन आणि रक्त. महिनाअखेरीस तक्ता, कारणं आणि मॅनेजमेंटला दोन कागद.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, शिकवूनही एखादीला जमत नसेल तर. आधी शिकवणारी बदलून बघा; काही मुली एका व्यक्तीसमोर गोठतात आणि दुसरीसमोर मोकळ्या होतात. हिशेबात सारखी अडखळत असेल तर तिला कागदावर हिशेब मांडायची सवय लावा आणि प्रत्येक वेळी दुसरीकडून तपासून घेणं सक्तीचं करा. सावकाश का होईना, बरोबर येतं. झोप, घरचं आजारपण, हॉस्टेलमधला त्रास, चष्म्याचा नंबर, हेही विचारा, पण एकांतात. तरीही एखाद्या कामात ती सुरक्षित वाटत नसेल तर तेवढं काम तिच्याकडून काढून घ्या आणि लेखी लिहा, म्हणजे रात्रीची इन्चार्ज तिला ते सांगणार नाही. बाकीची कामं तिला करू द्या. आणि पेशंटची ओळख न पटवता औषध देणं, न मोजता आकडे लिहिणं असं वारंवार दिसत असेल, तर ते न येण्यात मोडत नाही. तिला समोर बसवून, मॅट्रनच्या उपस्थितीत, काय दिसलं आणि कोणत्या तारखेला दिसलं ते स्पष्ट सांगा, ठरावीक मुदत द्या, आणि त्या मुदतीत तिच्याबरोबर रोज ड्युटीला कोण असेल त्याचं नाव त्याच कागदावर लिहा.